बिनपाण्याची फुलबाग : तरवड

कोणी चुलीपुढं असाल, कोणी गोठ्यात, कोणी शेंगा फोडत बसला असाल. हातातलं काम चालू द्या, ऐकायला कान मोकळे असले म्हणजे झालं. मागच्या खेपेला आपण परसबागेतल्या भाज्यांविषयी बोललो, तेव्हा चार-पाच गावांच्या गटांतून एकच प्रश्न आला. भाजी ठीक आहे, सांडपाण्यावर दोन वाफे निघतात, पण फुलांचं काय? फुलं लावावीत असं वाटतं, दाराला शोभा येते, सणाला चार पैसे मिळतात, पण पाणी कुठून आणायचं? आणि आपल्याकडं पाणी म्हणजे कोणाच्या डोक्यावरचं, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आज आम्ही अशा झुडपाविषयी बोलणार आहोत, जे एकदा धरलं की तुमच्याकडं घागर मागत नाही. ते रोपवाटिकेत सहसा मिळत नाही, कारण त्याला कोणी फुलझाड समजतच नाही. त्याचं नाव तरवड. आता काही जणी हसल्या असतील. तरवड काय लावायचा असतो होय, तो माळावर आपोआप उगवतो! उगवत होता, बायांनो. आता तुमच्या गावाच्या शिवारात एक फेरी मारून या आणि मोजा. बांध ट्रॅक्टरनं दोन्हीकडून कोरून कोरून हातभर उरलेत. उरलेला बांध उन्हाळ्यात पेटवतात किंवा त्यावर तणनाशक मारतात. रस्ता रुंद करताना कडेची सगळी झुडपं जेसीबीच्या एका फेरीत जातात. मग नवरात्रात घटावर तरवडाची माळ घालायची म्हटली, तर पोरांना तीन-तीन मैल हिंडावं लागतं, नाहीतर बाजारातून झेंडू आणून भागवावं लागतं.

माळांची रीत घरोघर वेगळी. कोणाकडं पहिली माळ विड्याच्या पानांची, मग तिळाच्या फुलांची, कारळ्याच्या फुलांची, झेंडूची. पण आपल्या कोरडवाहू भागात बहुतेक घरांत नऊ दिवसांतली एक तरी माळ तरवडाची असते. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्या सांगतील की ज्या दिवसांत जे फुलतं ते देवीला. तरवड पावसाळा सरता सरता भरात येतो. ऐन घटस्थापनेला माळरान पिवळं होतं ते त्याच्यामुळं.

हे झुडूप फक्त आपलं नाही. दख्खनपासून खाली तमिळनाडूपर्यंत आणि पुढं श्रीलंकेतही ते कोरड्या मुलखात वाढतं. तमिळ लोक त्याला आवारम म्हणतात आणि पोंगलच्या वेळी कडुलिंबाच्या डहाळीबरोबर त्याची फुलं दाराला बांधतात. तेलुगू लोक त्याला तंगेडु म्हणतात. तेलंगणानं तर २०१४ साली राज्य झाल्यावर हेच आपलं राज्यफूल ठरवलं. ज्याला आपण बांधावरचं झाडोरं म्हणून उपटतो, ते शेजारच्या राज्याचं मानाचं फूल आहे.

याला पाणी का लागत नाही, तर याचं मूळ सरळ खाली जातं. वर झाड वीतभर दिसतं तेव्हाच खाली सोटमूळ खोल गेलेलं असतं. पानं मोठी नसतात, एका देठावर लहान लहान पानांच्या आठ ते बारा जोड्या असतात, त्यामुळं ऊन सोसतं. मुरमाड जमीन चालते, तांबडी चालते, थोडी खारवट असली तरी चालते. काळी भारी जमीन असेल तर फक्त पाणी साचून राहता कामा नये. तरवड उन्हानं मरत नाही, दलदलीनं मरतो. कडाक्याच्या थंडीत जिथं दंव गोठून पिकं करपतात, अशा मुलखात त्याचं जमत नाही. आपल्याकडं ती अडचण नाही.

आता लावायचा कसा ते नीट ऐका, कारण इथंच बहुतेकींचं फसतं. रानातलं झाड उपटून आणू नका. खोदताना सोटमूळ तुटतं, आणि सोटमूळ तुटलेला तरवड सहसा जगत नाही. शिवाय रानातलं एक कमी झालं ते झालंच. बियाणंच धरायचं. या दिवसांत शेंगा वाळायला लागतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटाएवढी लांब आणि तपकिरी असते. हातात धरून हलवली की आत बी खुळखुळतं. एका शेंगेत दहा-बारापासून वीसपर्यंत बिया निघतात. एका झुडपाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका. पाच-सात झुडपांवरून थोड्या थोड्या घ्या, म्हणजे वाणही मिसळेल आणि रानालाही बी उरेल. बी काढून सावलीत वाळवायचं आणि राख लावून डब्यात ठेवायचं, आपण कडधान्याला करतो तसंच.

तरवडाचं बी म्हणजे खडा. तसंच मातीत टाकलं तर त्यातलं थोडं उगवेल, बाकीचं वर्ष-दोन वर्षं तसंच पडून राहील. त्याच्या सालीतून पाणी आत शिरत नाही. निसर्गाची ही सोय आहे, सगळं बी एकाच पावसाला उगवून एकाच उघडिपीत मरू नये म्हणून. आपल्याला मात्र एकदम रोपं हवी असतात. त्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला, पाणी खळखळ उकळायचं, भांडं चुलीवरून खाली उतरवायचं आणि मग त्यात बी टाकायचं. बी टाकून उकळायचं नाही, नाहीतर हुलग्यासारखं शिजेल. रात्रभर तसंच निवू द्यायचं. सकाळी काही बिया फुगलेल्या दिसतील, काही जशाच्या तशा. फुगलेल्या लगेच पेरायच्या, न फुगलेल्यांना पुन्हा एकदा गरम पाणी द्यायचं. दुसरा उपाय म्हणजे बी खरबरीत फरशीवर किंवा वाळूत चोळायचं, साल ओरखडली की पुरे, आणि मग साध्या पाण्यात भिजवायचं. बी थोडंच असेल तर चोळणं बरं, जास्त असेल तर गरम पाणी.

पिशवीत रोप करायचं की जागेवरच टोकायचं, यावर गटांत मतं वेगवेगळी आहेत. आमचं मत जागेवर टोकण्याच्या बाजूचं आहे. पिशवीत सोटमूळ तळाला जाऊन वेटोळं घालतं आणि पुढं झाडाचा सगळा जोर त्या मुळावर असतो. शिवाय उन्हाळ्यात पिशव्यांना रोज पाणी घालणार कोण? मृगाचा चांगला पाऊस झाला, जमीन वीतभर ओली झाली की एकेका जागी तीन-तीन भिजवलेल्या बिया टोका, बोटाच्या पेराएवढ्या खोल. उगवल्यावर त्यातलं जोमदार एक ठेवा. जिथं कोंबड्या उकरतात किंवा पोरं खेळतात तिथंच फक्त पिशवीतलं रोप लावा, तेही दोन महिन्यांच्या आत, मूळ तळाला टेकायच्या आधी.

कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत दोन-तीन फूट अंतर पुरे. फुलं तोडायची असतील तर पाच फूट ठेवा, म्हणजे मधून हात फिरतो. खड्डा फार मोठा नको, खत फार नको. मूठभर कुजलेलं शेणखत बास. भरमसाट खत घातलं की नुसता पाला माजतो. पहिल्या पावसाळ्यात आजूबाजूचं तण काढायचं आणि त्याचंच आच्छादन बुंध्याशी टाकायचं. पहिला उन्हाळा तेवढा जपायचा, दहा-पंधरा दिवसांनी एक तांब्याभर पाणी. भांडी विसळलेलं चालतं, पण साबण-सोड्याचं नको. दुसऱ्या उन्हाळ्यापासून त्याचं तो बघतो. शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून काटेरी कुंपणाचा खर्चही वाचतो. मेंढपाळ बायांना हे ठाऊकच आहे.

छाटणीचं मात्र विसरू नका. तरवडाला फूल येतं ते नव्या फांदीच्या शेंड्याला. न छाटलेलं झुडूप वर वर जातं, खाली काटक्या उरतात आणि फुलं हाताच्या वर येतात. दुसऱ्या वर्षापासून रोहिणी लागायच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, झुडूप गुडघ्याच्या वर कापून काढा. कापताना जीव कचरतो, पण पाऊस पडला की चारी बाजूंनी धुमारे फुटतात आणि जेवढे शेंडे तेवढे तुरे. छाटलेला कोवळा पाला शेतात गाडा, चांगलं हिरवळीचं खत होतं. जाड काटक्या चुलीला. आजही कित्येक म्हातारी माणसं तरवडाच्या काडीनं दात घासतात, तर दोन काड्या त्यांच्यासाठी ठेवा.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारायला धावू नका. फिकट पांढरट-पिवळसर फुलपाखरं तरवडावर अंडी घालतात, त्यांच्या त्या अळ्या. थोडा पाला खातात आणि जातात. झुडूप पुन्हा फुटतं.

आता जरा भुंग्याचं ऐका, कारण हे प्रत्यक्ष ऐकण्यासारखंच आहे. सकाळी फुललेल्या तरवडाशेजारी पाच मिनिटं उभ्या राहा. मोठा काळा भुंगा येतो. उडताना त्याचा आवाज एक असतो आणि फुलाला बिलगला की आवाज बदलतो, एकदम बारीक आणि तीव्र होतो. तरवडाच्या फुलात मध नसतो. पराग असतो, पण तो नळीसारख्या पुंकेसरांत बंद असतो आणि टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. भुंगा अंग थरथरवून तो पराग झटकून बाहेर काढतो, आपण मिठाची डबी हलवतो तसं. आता हे आम्ही का सांगतोय? कारण तुमच्या वांग्याच्या फुलाची रचना तशीच आहे. त्यालाही अशी थरथर मिळाली की फळ चांगलं धरतं. वांगी काही बाराही महिने फुलावर नसतात. त्या मधल्या दिवसांत भुंग्यांना शिवारात ठेवायचं तर त्यांना खायला काही हवं ना? बांधावर तरवड असला की ते टिकतात. त्यांची घरं वाळक्या लाकडात आणि बांबूत असतात, म्हणून कुंपणाचा जुना बांबू सरसकट जाळू नका.

विक्रीचं बोलू. तरवडाचं फूल झेंडूसारखं चार दिवस टिकत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यामुळं लांबच्या बाजाराचं स्वप्न बघू नका. आदल्या संध्याकाळी, उमलायच्या बेतात आलेल्या टपोऱ्या कळ्यांचे तुरे देठासकट खुडायचे, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायचे आणि पहाटे माळा करायच्या. एकेक फूल ओवण्यापेक्षा तुरेच दोऱ्यात गुंफले तर माळ भरदार दिसते आणि वेळही वाचतो. आठवड्याचा बाजार, देवीच्या देवळाचा रस्ता आणि आपल्याच गावातली घरं, एवढं गिऱ्हाईक पुरतं. सोलापूरच्या बाजूच्या गटांना मात्र एक वेगळी संधी आहे. सोलापुरात तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर मंडळी मोठ्या संख्येनं राहतात आणि ती बतुकम्मा हा फुलांचा सण करतात. फुलांचा थरावर थर रचून बतुकम्मा करतात आणि तिच्यात तंगेडु, म्हणजे आपला तरवड, लागतोच. हा सण सर्वपित्री अमावास्येपासून सुरू होऊन अष्टमीपर्यंत चालतो. म्हणजे घटस्थापनेच्या आधीच्या दिवसापासून मागणी सुरू. बतुकम्मा करणाऱ्या बायकांशी आधी बोला, किती लागतात, कुठल्या वेळी लागतात ते विचारून घ्या. आणि सगळी फुलं खुडू नका. प्रत्येक झुडपावर चार-सहा तुरे राहू द्या, भुंग्यांना आणि पुढच्या बियाण्याला.

दर बैठकीत कोणीतरी म्हणतंच, ताई, हे तर साखरेवरचं औषध आहे, आपण फुलं वाळवून पुड्या करून विकू या, झेंडूपेक्षा जास्त पैसा आहे. यावर आम्ही जरा स्पष्ट बोलतो. तरवडाचा काढा तमिळ मुलखातल्या सिद्ध वैद्यकात मधुमेहासाठी जुन्या काळापासून वापरतात, हे खरं. श्रीलंकेत त्याच्या फुलांचा चहा लोक आवडीनं पितात, हेही खरं. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरल्याचं दिसलं आहे. पण उंदीर आणि आपली सासू यांत फरक आहे. गोळी बंद करून पुडी घ्या, असं सांगण्याइतका पुरावा कोणाकडं नाही. गोळी चालू असताना वरून काढा घेतला आणि साखर एकदम खाली गेली, तर रात्री-अपरात्री गाडी कोण करणार? कायद्याचंही ऐका. १९५४ सालचा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा आहे, त्यात मधुमेह बरा करण्याचा दावा करून जाहिरात करायला मनाई आहे. पुडीवर तसं छापलं तर गुन्हा गटाच्या अध्यक्ष आणि सचिव बाईंवर येईल. नुसतं खाण्यापिण्याचा पदार्थ म्हणून विकायचं तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. म्हणून आमचा सल्ला एवढाच, की गटानं फुलं विकावीत, बी विकावं, रोपं विकावीत. औषध वैद्यांवर सोडावं. घरी कोणाला काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि गरोदर बाईनं तर घेऊच नये.

सालीचंही तसंच. तरवडाची साल कातडी कमवायला फार चांगली, दक्षिणेत तिच्यावर मोठा धंदा चालायचा. पुढं वॅटल नावाच्या परदेशी झाडाची साल बाहेरून येऊ लागली आणि तरवड मागं पडला. आता कोणी जडीबुटीवाला साल मागत आला तर देऊ नका. बुंध्याची साल सभोवार सोलली की झुडूप गेलं.

एक सावधगिरी लहान पोरांच्या आयांसाठी. तरवडाच्या जातकुळीतलं कासविंदा नावाचं झुडूप उकिरड्यावर, पडक्या वाड्यात उगवतं, काही जणी त्याला रानटाकळा म्हणतात. त्याच्याही फुलांचा रंग पिवळा. त्याच्या शेंगांतल्या बिया खाऊन उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात कितीतरी लेकरं दगावली. आधी तो मेंदूचा तापच समजला जात होता, मग डॉक्टरांना बियांचा छडा लागला. त्यामुळं बी गोळा करताना ओळख पक्की हवी. तरवडाची पानं लहान, टोकाला बोथट. कासविंद्याची मोठी, टोकदार आणि चुरगळली की घाण वास येतो. तरवडाची शेंग रुंद आणि कागदी, कासविंद्याची अरुंद, जाडसर. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे तरवडाच्या पानाच्या देठाशी, जिथं तो फांदीला चिकटतो तिथं, कानाच्या पाळीसारखी दोन गोल हिरवी पानं असतात. शास्त्रज्ञांनी त्याला सेन्ना ऑरिक्युलाटा हे नाव दिलं ते याच कानावरून. अंधारातसुद्धा बोटांना कळतो हा कान. बिया तरवडाच्या असोत की कशाच्याही, पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

शेवटी जागेचं. फुलं कोणाची, हा प्रश्न जागा कोणाची यावर अडतो. सातबारा बहुतेक नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. एका गावात आमच्या गटातल्या ताईंनी बांधावर चाळीस झुडपं वाढवली, दोन वर्षं जपली, आणि दिराच्या वाटणीत बांध सरळ करायचा ठरला तेव्हा सकाळी अकरापर्यंत सगळं साफ झालं होतं. त्या ताई काही बोलल्या नाहीत. फक्त त्या महिन्याच्या बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी मला अशी जागा सांगा जिथं कोणाची वाटणी नाही. तेव्हापासून आम्ही लावायच्या आधी बोलणी करतो. घराच्या अंगणाची कड, शौचालयाचा आडोसा, उकिरड्याभोवतीची जागा, ही बाईच्या नजरेखालची जागा आहे, तिथं आधी लावा. गटानं मिळून लावायचा असेल तर गावठाणातली किंवा शाळेमागची पडीक जागा बघा आणि ग्रामपंचायतीकडून लेखी ठराव घ्या. ठरावात झुडपं कोणी लावायची, फुलं कोणी तोडायची आणि पैसे कोणाच्या खात्यात जायचे, हे तिन्ही लिहून घ्या. तोंडी हो म्हणणारे सरपंच बदलतात. बांधावर लावायचाच असेल तर शेजारच्या शेतकऱ्याला विचारून, हद्दीच्या दगडापासून आत हातभर लावा, आणि घरातल्या पुरुषांना बैठकीत बोलावून त्यांच्यासमोर ठरवा.

पैशाचीही तीच गोष्ट. नवरात्रात नऊ दिवस कोणी किती माळा दिल्या ते रोजच्या रोज वहीत लिहा. सण संपल्यावर आठवून लिहिलं की भांडण ठरलेलं.

तर आता कामाचं. येत्या पंधरा दिवसांत सकाळच्या वेळी, दव वाळल्यावर, प्रत्येक गटातल्या दोघी-दोघींनी शिवारात जाऊन शेंगा जमवायच्या आहेत. कुठल्या माळावर किती झुडपं उरलीत तेही मोजून लिहून आणा. संक्रांतीनंतरच्या मासिक बैठकीला येताना बी पुडीत बांधून आणा आणि पुडीवर गावाचं नाव टाका. चोळायला खरबरीत फरशीचा तुकडा आणि पाणी तापवायला पातेलं आम्ही आणू.